करंजीला हात नसतात

गेल्या वर्षी हॅलोविनच्या संध्याकाळी आमच्या कॉन्डोतल्या कुत्र्यांनी मला खायचा प्रयत्न केला.

यात माझी काहीही चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात या प्रकरणावर दोन मतं आहेत. एक माझं आणि एक चुकीचं. चुकीचं मत माझ्या नवऱ्याचं, श्रीकांतचं आहे, आणि येईल त्या पाहुण्याला तो ते चहाबरोबर देतो. म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते एकदा लिहूनच टाकावं.

सगळं सुरू झालं ते माझ्या शिलाई मशीनवरून. पुण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा हे मशीन मी विमानात मांडीवर घेऊन आणलं होतं. (अगदी मांडीवर नाही, पण मी सांगताना तसंच सांगते.) बुकित तिमाहच्या आमच्या फ्लॅटमधली खिडकीजवळची, सगळ्यांत उजेडाची जागा त्याला दिली. श्रीकांतचा त्या कोपऱ्यावर पहिल्या दिवसापासून डोळा! त्याला तिथं व्यायामाची सायकल ठेवायची होती. ज्या माणसाला रिमोट घ्यायला उठायचं जिवावर येतं, त्याला सायकल हवी होती.

"या मशीनवर तू आजपर्यंत काय शिवलंस, सांग बरं," एका रविवारी त्यानं विषय काढला. तो बँकेत ऑडिटर आहे. तो प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याला आधीच माहीत असतं.

"उशांचे अभ्रे!"

"ते उशांना बसले?"

"उशा चुकीच्या मापाच्या होत्या!"

"मीनल, मशीन विकून टाकू."

मला असा संताप आला म्हणता! त्याच दिवशी कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, लिफ्टमध्ये नोटीस लागली होती. हॅलोविनच्या संध्याकाळी क्लबहाउससमोरच्या हिरवळीवर स्पर्धा होती. सगळ्या कुटुंबानं एकाच थीमचे पोशाख घालायचे, आणि ज्यांच्याकडे कुत्रीमांजरं आहेत त्यांनी त्यांनाही घालायचे. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "आपल्या पाचही जणांचे पोशाख मी या मशीनवर शिवणार!"

पाच म्हणजे मी, श्रीकांत, आमची अकरा वर्षांची ईरा आणि दोन कुत्रे. थोरला बंडू बीगल आहे. देवानं त्याला नाक दिलं आणि उरलेलं शरीर त्या नाकामागे चालायला दिलं. धाकटा कोपी इथलाच, रस्त्यावरून वाचवून आणलेला, कॉफीच्या रंगाचा. त्याचं म्हणणं काही नसतं. बंडू करेल ते तो करतो.

"आई, नो लाह!" ईरा किंचाळली. "एव्हरीबडी बाइज ऑनलाइन! होममेड इज सो एम्बॅरसिंग!"

पोटच्या पोरीनं हे म्हणावं! जिच्या बारशाचं झबलं मी माझ्या हातांनी शिवलं होतं! (ते तिच्या अंगाला ती दुसरीत गेल्यावर बसलं, पण शिवलं होतं की नाही?)

आता थीम काय घ्यायची? त्या वर्षी हॅलोविन आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली होती. सगळं जग भुतंखेतं करणार. मी म्हटलं, सणाच्या तोंडावर माझ्या घरात हडळी नकोत. आपण फराळ व्हायचं! श्रीकांत बेसनाचा लाडू (त्याला फारसं शिवावं लागणार नव्हतं), ईरा चकली, कुत्रे शंकरपाळे आणि मी करंजी. ताटात मांडल्यासारखे पाचजण ओळीनं चालत येणार, आणि सिंगापूरला कळणार की आमच्याकडे काय काय असतं!

श्रीकांत हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

"इथं कोण ओळखणार करंजी?"

"सगळे ओळखतील!"

"ठीक आहे. घराबाहेरच्या एका तरी माणसानं, आपण न सांगता, तुला बघून करंजी म्हटलं तर मशीन राहील. नाहीतर सायकल येईल. आणि चकलीचं चालणार नाही, चकली इथं सगळ्यांना मुरुक्कू म्हणून माहीत आहे. करंजीच ओळखली पाहिजे."

मी एका पायावर कबूल झाले. कारण माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. दहाव्या मजल्यावर देशपांडे काकू आल्या होत्या. मूळ नाशिकच्या, मुलाकडे काही महिने राहायला आलेल्या. त्या रोज संध्याकाळी खाली हिरवळीशेजारच्या बाकावर बसायच्याच. आयुष्यभर ज्या बाईनं करंज्या केल्या ती करंजी ओळखणार नाही? मी मनातल्या मनात सायकलला निरोप देऊन टाकला.

मग कामाला लागले. बंडूचं माप घ्यायला गेले तर त्यानं टेप खाल्ली. सगळी नाही, कमरेपर्यंतची. त्यामुळे पुढची मापं मी विती मोजून घेतली, आणि वाढत्या अंगाचं शिवायची सवय म्हणून प्रत्येक कपडा दोन बोटं सैल ठेवला. "बंडू सात वर्षांचा आहे, तो आता कुठं वाढणार?" असं श्रीकांतनं विचारलं. शिवणातलं ज्याला ओ की ठो कळत नाही त्यानं बोलू नये!

करंजी मात्र मी जीव ओतून शिवली. पाठीकडून सरळ, पोटाकडून अर्धगोल, आणि त्या गोल कडेवर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चुण्या घालून अशी मुरड काढली की बघत राहावं! आत खोबऱ्याच्या सारणासाठी पांढऱ्या कापडाच्या बारीक चिंध्या भरल्या. त्या श्रीकांतच्या जुन्या बनियनांच्या होत्या. (त्यात दोन नवीन होते असा त्याचा आरोप आहे. बनियन नवीन आहे हे ओळखायचं कसं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

"आई, व्हेअर आर द आर्महोल्स?" ईरानं विचारलं.

"करंजीला कुठं हात असतात?"

"बट यू हॅव!"

"ते आत राहतील."

कलाकृती करायची तर अस्सल करायची. हात बाहेर काढलेली करंजी मी माझ्या हयातीत पाहिलेली नाही.

आता अस्तर. घरातलं चांगलं कापड टाकून द्यायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. माझ्याकडे एक जुनी सुती चादर होती, मऊसूत, अस्तराला अगदी हवी तशी. दरवर्षी शंकरपाळे आणि चकल्या तळल्या की मी त्या चादरीवर निवायला पसरते. नुकतेच त्या वर्षीचे शंकरपाळेही तिच्यावर निवले होते. आणि मी शंकरपाळे तुपात तळते. तेलात तळणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणजे आहे, पण इथं नाही.

तीच चादर कापून पाचही पोशाखांना अस्तर लावलं. आणि हो, धुतली होती! दोनदा धुतली होती! माझ्या नाकाला कसलाही वास येत नव्हता. बंडू मात्र मशीनच्या पायाशी येऊन बसायचा आणि माझ्याकडे असं प्रेमानं बघायचा की मला भरून यायचं. मला वाटलं, चला, घरात एकाला तरी माझ्या शिवणाची कदर आहे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तयार झालो. श्रीकांतला पिवळ्या पडद्याच्या कापडात घालून आत उशा कोंबल्या आणि पोटावर काळ्या मोज्याचा बेदाणा लावला. ईराभोवती चकली तीन वेढे घेऊन बांधली. कुत्र्यांच्या पाठीवर चौकोनी शंकरपाळे चढवले. कोपी मुकाट उभा राहिला. बंडू आपला पोशाख आतून चाटत होता. मला हातच नसल्यानं लिफ्टचं बटण मी नाकानं दाबलं.

पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये मिसेस लिम शिरल्या. कॉन्डोच्या कमिटीच्या त्या अध्यक्ष, आणि स्पर्धेच्या परीक्षकही त्याच. त्यांच्या काखेत जादूगारणीची टोपी घातलेला पूडल होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टाळी वाजवली.

"वाह! करी पफ!"

मी गार पडले. करी पफ! इथल्या प्रत्येक हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांवर, मिळतं ते, करंजीच्या आकाराचं, पण बटाट्याचं, तिखट, तेलकट! माझी ही मुरड, हे सारण, हा रंग, आणि बाई मला करी पफ म्हणते!

मी तोंड उघडलं. मागून लाडूतून आवाज आला, "मीनल. न सांगता."

मी तोंड मिटलं.

"अँड युअर हसबंड, टेनिस बॉल?" मिसेस लिम म्हणाल्या. "सो क्यूट, डॉग्ज अँड टेनिस बॉल!"

आता लाडू गार पडला. मला बरं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

हिरवळीवर पोहोचलो तर तोच प्रकार! आल्या आल्या मुलं ईराकडे बोट दाखवून "मुरुक्कू! मुरुक्कू!" ओरडायला लागली आणि जिला होममेडची लाज वाटत होती ती आमची कन्यका राणीसारखी मिरवायला लागली. कुत्र्यांना लोक टोफू म्हणाले. मला? करी पफ. लहान मुलं करी पफ, आजोबा करी पफ, स्विमिंग पूलवरून टॉवेल गुंडाळून आलेला एक गोरा माणूस, ज्याला या देशात येऊन जेमतेम महिना झाला असेल, तोसुद्धा "आय लव्ह करी पफ!" म्हणून गेला. प्रत्येक वेळी मी श्रीकांतकडे बघायची आणि श्रीकांत आभाळाकडे बघून जणू सायकलचा रंग ठरवायचा.

काकूंच्या बाकाकडे नजर टाकली तर बाक रिकामा! नेमक्या आजच? शेवटी दिसल्या. सुनेचा हात धरून, सावकाश, लांबच्या टोकाकडून येत होत्या. मी त्यांच्या दिशेनं निघाले.

आणि इथं सिंगापूरच्या हवेनं घात केला. दमट संध्याकाळ, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि मी चिंध्या भरलेल्या जाड पोशाखात. मला घाम फुटला, अंग तापलं, आणि अंगाबरोबर अस्तर तापलं. धुतलेल्या चादरीत वर्षानुवर्षं गुपचूप बसलेलं साजूक तूप जागं झालं.

बंडूनं मान वर केली. मग त्यानं दोरी ओढून ईराच्या हातातून सोडवून घेतली आणि सरळ माझ्या मुरडीला दात लावले.

"बंडू! सोड! बंडू!"

हात आत. त्याला ढकलणार कशानं? मी पोटानं ढकललं. त्याला वाटलं, खेळतेय. त्याच्यामागे कोपी आला, कारण बंडू करेल ते तो करतो. मिसेस लिमच्या काखेतून पूडलनं उडी मारली आणि टोपीसकट धावत आला. मग भोपळ्याच्या वेषातला एक कॉर्गी आला, ड्रॅक्युलाचा झगा घातलेला एक हस्की आला, आणि कोण कोण आले ते मी पाहिलं नाही, कारण तोवर मी पळत होते.

बिनहातांच्या करंजीला पळताना पाहिलंय कधी? तोल सावरायला काही नसतं. मी एकदा डावीकडे कलायची, एकदा उजवीकडे, आणि मागे अख्ख्या कॉन्डोतलं श्वानमंडळ! लोक टाळ्या वाजवत होते! त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातला भाग आहे!

"श्रीकांत! कर काहीतरी!" मी ओरडले.

आणि इथं मात्र मान्य करायला हवं की तो धावून आला. दोन्ही हात पसरून माझ्या आणि कुत्र्यांच्या मधे उभा राहिला. पण अस्तर त्यालाही होतं. हस्कीनं त्याच्या पोटावरचा बेदाणा धरला, लाडू भेलकांडला, आडवा झाला, आणि हिरवळीच्या उतारावरून स्विमिंग पूलकडे गडगडत निघाला. पूलजवळच्या सिक्युरिटी अंकलनं शिट्टी फुंकली. "नो बॉल गेम्स! नो बॉल गेम्स हिअर!" त्यांनी लाडूला पायानं अडवलं आणि मग त्याला चेहरा आहे हे बघून सॉरी म्हटलं.

तोवर बंडू आणि पूडलनं मिळून माझी मुरड गळ्यापासून गुडघ्यापर्यंत उसवली. चर्रर्र आवाज झाला आणि मी हिरवळीच्या मधोमध फुटले. सगळं सारण बाहेर आलं. श्रीकांतच्या बनियनांच्या चिंध्या गवतावर, झुडपांवर, भोपळ्यांच्या दिव्यांवर पसरल्या. माझे हात आपोआप बाहेर आले, पण आता त्यांचा काय उपयोग!

कुत्र्यांना पकडून बांधल्यावर मिसेस लिमनी माइक घेतला. "बेस्ट होममेड प्राइज! द करी पफ फॅमिली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हाला पुढं बोलावलं. ईरा पुढं, मागे बेदाणा गेलेला लाडू, त्याच्यामागे उसवलेली मी. मिसेस लिमनी माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"करी पफ आंटी, से समथिंग!"

माझ्या जिभेवर सगळं भाषण तयार होतं. की बाई, ही करंजी आहे. हिच्यात खोबरं असतं, साखर असते, वेलदोडा असतो, बटाटा नसतो! पण शेजारी श्रीकांत उभा होता आणि त्याचे ओठ निःशब्द हलत होते: न सांगता, न सांगता. बोलले तर मशीन गेलं. नाही बोलले तर जन्मभर करी पफ. डोळ्यांत पाणी आलं हो! खरंच आलं. तो कोपरा, तो उजेड, रविवारी दुपारी मशीनचा तो खटखट आवाज, सगळं डोळ्यांसमोर आलं. माझं शिवण कुणाला बसत नसेल, पण मला ते शिवताना जे सुख होतं ते सायकलवर बसून मिळणार होतं का?

"थँक्यू," मी माइकमध्ये म्हटलं. एवढंच म्हटलं. आयुष्यात इतकं कमी मी कधीच बोललेले नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत देशपांडे काकू पुढं आल्या. चष्मा सावरला. माझ्याकडे पाहिलं, गवतातलं सारण पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखला. श्रीकांतनंही रोखला.

"अगं," काकू म्हणाल्या, "करंजी ना ही?"

"काकू!" मी ओरडलेच. "काकू, पुन्हा म्हणा! श्रीकांत, ऐकलंस? न सांगता! न सांगता ओळखलं!"

मी काकूंना मिठी मारली. श्रीकांतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ऑडिटर असला तरी शब्दाला पक्का आहे. त्यानं मान डोलावली. मशीन राहिलं!

"कशावरून ओळखलंत काकू?" मी अभिमानानं विचारलं. "मुरडीवरून ना?"

"छे गं, लांबून मला ती उशीची खोळ वाटली होती," काकू म्हणाल्या. "मग फुटलीस आणि सारण बाहेर आलं, तेव्हा कळलं. अशीच फुटते बघ, कडेला दुधाचं बोट नीट फिरवलं नाही की. तळताना फुटलेली करंजी अगदी हुबेहूब केलीयस हो. मुद्दाम केलीस ना?"

गर्दीत मराठी फक्त आम्हालाच कळत होतं, हे नशीब. श्रीकांत त्यानंतर इतका हसला की लाडूच्या उरल्यासुरल्या उशाही बाहेर आल्या. "पैज जिंकलीस," तो म्हणाला, "फुटल्यामुळे जिंकलीस!" ईरानं बक्षिसाचं कूपन बघितलं. ते करी पफच्या दुकानाचं होतं.

मी घरी येऊन तणतणले. फुटलेली? माझी? दुधाचं बोट? मी दुहेरी टीप मारली होती! सात कुत्र्यांनी ओढल्यावर कुणाचीही फुटेल! काकूंना एकदा दाखवूनच द्यायचं ठरवलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून मी खऱ्या करंज्या केल्या. कडेला दूध लावलं, मुरड घातली, तुपात सोडल्या. त्यातल्या त्यात ज्या बऱ्या होत्या त्या निवडून, स्टीलच्या डब्यात नीट रचून, ईराच्या हाती दहाव्या मजल्यावर पाठवल्या. म्हटलं, बघू दे आता काकूंना करंजी कशी असते ते.

भाऊबीजेला डबा परत आला. काकू जुन्या वळणाच्या. शेजाऱ्याचा डबा रिकामा पाठवत नाहीत. मी झाकण उघडलं, तर आत सुई आणि दोरा होता.